मधला अणू कोणता? नायट्रोजिनेजच्या गाभ्याचे वीस वर्षांचे प्रकरण

1992 साली कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत जाँगसन किम आणि डग्लस रीस यांनी नायट्रोजिनेज या एन्झाइमच्या गाभ्याची क्ष-किरणांनी शोधलेली रचना प्रसिद्ध केली. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारे हे जिवाणूंचे एन्झाइम. त्यात लोखंड, गंधक आणि मोलिब्डेनम यांचा एक गुच्छ आहे हे आधीपासून माहीत होते. त्या अणूंची मांडणी कशी असावी, हे मात्र पहिल्यांदाच समोर आले. गुच्छाच्या मधोमध लोखंडाचे सहा अणू एका पोकळीभोवती होते आणि ती पोकळी रिकामी दिसत होती. दहा वर्षांनी रीस यांच्याच प्रयोगशाळेने सांगितले, की आत एक हलका अणू आहे, बहुधा नायट्रोजन. आणखी नऊ वर्षांनी ठरले, की तो कार्बन आहे.

धातू असलेल्या एन्झाइमांवर काम करणाऱ्यांना हे प्रकरण मुद्दाम शिकवावे असे मला वाटते. यात निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता. मोजमाप उत्तम होते, माणसे त्या क्षेत्रातली अव्वल होती, आणि तरीही नेमक्या मधल्या जागी पद्धत आंधळी ठरली. पुढे पद्धतीला दिसू लागले, तेव्हा माणसांना जे दिसावेसे वाटत होते तेच आधी दिसले.

एन्झाइम आणि त्याचा नखरा

या कथेतला जिवाणू अ‍ॅझोटोबॅक्टर विनलँडी. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील व्हाइनलँडच्या मातीतून तो 1903 साली वेगळा केला गेला, म्हणून हे नाव. आपल्याकडे ज्वारी, ऊस, कापूस यांच्यासाठी कृषी विद्यापीठे जे अ‍ॅझोटोबॅक्टरचे संवर्धक देतात, तो याचाच भाऊबंद. पाकिटात बहुधा क्रोकोकम ही जात असते. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतला रायझोबियम वेगळ्या कुळातला, पण त्याचे नायट्रोजिनेज याच घडणीचे.

या जिवाणूंना हवेतला नत्र वापरायला मोलिब्डेनम लागते हे हर्मान बॉर्टेल्स यांनी 1930 साली दाखवले. कारखान्यात हेच काम हाबर-बॉश पद्धतीने होते, त्याला चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि दीड-दोनशे वातावरणांचा दाब लागतो. जिवाणू ते जमिनीच्या तापमानाला करतो. फुकट मात्र नाही: नायट्रोजनच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन आणि एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) किमान सोळा रेणू खर्ची पडतात, वर हायड्रोजनचा एक रेणू बाहेर सोडावा लागतो.

एन्झाइमचे दोन भाग आहेत. लहान लोह-प्रथिन इलेक्ट्रॉन आणून देते. मोठ्या मोलिब्डेनम-लोह प्रथिनात दोन प्रकारचे गुच्छ असतात: आठ लोखंडांचा पी-गुच्छ, जो इलेक्ट्रॉन पुढे सरकवतो, आणि सात लोखंड व एक मोलिब्डेनम असलेला सहघटक, ज्याला या क्षेत्रातले सगळे ‘फेमोको’ म्हणतात. नायट्रोजनचा रेणू फोडण्याचे खरे काम फेमोकोवर होते.

यावर काम करणाऱ्यांचा रोजचा शत्रू म्हणजे ऑक्सिजन. लोह-प्रथिन हवेत मिनिटभरातच निम्मे निकामी होते. मोठे प्रथिन थोडा अधिक वेळ तग धरते. म्हणून पेशी फोडण्यापासून स्फटिक उचलण्यापर्यंत सगळे ऑक्सिजनरहित करावे लागते. अर्गॉन भरलेल्या बंद पेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालायचे, प्रत्येक द्रावणातली हवा आधी काढून टाकायची, आणि उरलासुरला ऑक्सिजन शोषायला सोडियम डायथायोनाइट मिसळायचे. शुद्धीकरणाच्या स्तंभातून उतरणारा तपकिरी पट्टा म्हणजे आपले प्रथिन. रंग आहे म्हणजे लोखंड-गंधकाचे गुच्छ आहेत, पण ते जिवंत आहेत का, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी नळीत अ‍ॅसिटिलीन सोडतात आणि एथिलीन किती झाले ते वायू-क्रोमॅटोग्राफवर मोजतात. नायट्रोजिनेज नायट्रोजनखेरीज अ‍ॅसिटिलीनवरही काम करते, या सोयीचा फायदा 1966 पासून घेतला जातो.

1977 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात विनोद शाह आणि विन्स्टन ब्रिल यांनी फेमोको प्रथिनातून बाहेर काढून दाखवला. प्रथिन आम्लाने उलगडायचे, धुऊन घ्यायचे, मग एन-मिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात गुच्छ ओढून घ्यायचा. हाती आलेले तपकिरी द्रावण खरे की खोटे, हे पाहायला त्यांनी यूडब्ल्यू-45 नावाचा एक बिघडलेला वाण वापरला. त्याच्यात प्रथिन तयार होते पण फेमोको नसतो. द्रावण घातले की त्याच्या अर्कात एन्झाइमचे काम सुरू होते. या वाणात ‘निफ-बी’ नावाचे जनुक बिघडलेले होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिकामी जागा

किम आणि रीस यांची 1992 ची रचना 2.7 अँग्स्ट्रॉम रिझोल्युशनची होती, 1993 ची सुधारित रचना 2.2 अँग्स्ट्रॉमची. (अँग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोट्यांश; रिझोल्युशनचा आकडा जितका लहान, तितके चित्र बारीक.) लोखंड-गंधकाचे दोन अर्धवट घन समोरासमोर, मध्ये गंधकाचे पूल, एका टोकाला लोखंड आणि दुसऱ्या टोकाला मोलिब्डेनम. मोलिब्डेनमला होमोसायट्रेट नावाचे सेंद्रिय आम्ल चिकटलेले. सगळा गुच्छ प्रथिनाला फक्त दोन ठिकाणी बांधलेला, एका सिस्टीनने आणि एका हिस्टिडीनने.

रसायनशास्त्रज्ञांना यात एक गोष्ट खटकली. मधल्या सहाही लोखंडांना प्रत्येकी तीनच गंधक जोडलेले दिसत होते, आणि प्रथिनांतल्या लोखंड-गंधक गुच्छांत लोखंडाला सहसा चार जोड असतात. तीन जोडांवर समाधान मानणारे सहा लोखंड एकाच ठिकाणी, आणि मध्ये काहीच नाही! यावर मग कल्पना लढवल्या गेल्या. लोखंडाचे हात मोकळे आहेत, म्हणजे नायट्रोजनला धरण्यासाठीच निसर्गाने ते मोकळे ठेवले असतील, हा सर्वांत लाडका तर्क. काहींनी नायट्रोजनचा रेणू पोकळीतच शिरतो असेही सुचवले, पण पोकळी त्याला फार लहान होती. तरी पोकळी आहे हे सर्वांनी गृहीत धरले, कारण ती नकाशात दिसत होती.

1999 साली इंग्लंडमधल्या एका गटाने क्लेबसिएल्ला न्यूमोनिए या दुसऱ्या जिवाणूच्या प्रथिनाची रचना 1.6 अँग्स्ट्रॉमला सोडवली. पोकळी तेव्हाही रिकामीच दिसली. इतक्या बारकाईने पाहूनही काही दिसत नाही म्हटल्यावर शंका घ्यायला जागा उरत नव्हती.

खळगी

2002 साली ऑलिव्हर आइन्सले आणि रीस यांच्या गटाने तेच अ‍ॅझोटोबॅक्टरचे प्रथिन 1.16 अँग्स्ट्रॉमला पाहिले आणि पोकळीच्या मध्यावर घनतेचा ठिपका उमटला. खरे काम त्यानंतरचे होते. इतकी वर्षे तो का दिसला नाही, याचा त्यांनी शोध घेतला. या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

क्ष-किरण स्फटिकशास्त्रात अणू थेट दिसत नाहीत. स्फटिकातून विखुरलेल्या किरणांच्या तीव्रता मोजायच्या, त्यांच्या लहरींची बेरीज करायची आणि त्यातून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढायचा. ही बेरीज पूर्ण व्हायला अनंत लहरी लागतात. प्रत्यक्षात एका मर्यादेपलीकडच्या बारीक लहरी मोजता येत नाहीत, त्या सोडून द्याव्या लागतात. ती मर्यादा म्हणजे रिझोल्युशन. बेरीज मध्येच तोडली की प्रत्येक अणूभोवती खोट्या लाटा उठतात: अणूच्या जागी उंचवटा, थोड्या अंतरावर उणे घनतेची गोल खळगी, मग पुन्हा हलका उंचवटा. अणू जितका जड, तितक्या लाटा मोठ्या. विहिरीच्या कडेने सहा जणांनी एकाच वेळी खडे टाकावेत आणि सगळ्यांच्या लाटांच्या खळग्या नेमक्या मधोमध एकत्र याव्यात, तसे इथे घडले.

ढोबळ हिशेब करून पाहू. अणू बिंदूसारखे धरले तर पहिली खळगी रिझोल्युशनच्या साधारण 0.9 पट अंतरावर पडते. पोकळीच्या मध्यापासून सहाही लोखंड 2.0 अँग्स्ट्रॉमवर आहेत. म्हणजे 2.2 अँग्स्ट्रॉमच्या नकाशात प्रत्येक लोखंडाची सर्वांत खोल खळगी थेट मध्यावर येते, तीही सहा वेळा. लोखंडात 26 इलेक्ट्रॉन, आणि शोधायचा अणू सहा, सात किंवा आठ इलेक्ट्रॉनांचा. शिवाय 3.3 अँग्स्ट्रॉमवर नऊ गंधक, त्यांच्याही लाटा. गुच्छ इतका सममित, की एकाही लाटेला चुकून वेगळ्या जागी पडायची सोय नव्हती. हलक्या अणूचा खरा उंचवटा या उणे बेरजेत बुडून गेला, आणि नकाशावर उरली सपाट, विश्वासार्ह दिसणारी पोकळी.

आइन्सले आणि सहकाऱ्यांच्या गणितानुसार, मधला अणू दिसायला रिझोल्युशन साधारण 1.55 अँग्स्ट्रॉमपेक्षा चांगले हवे. इंग्लंडच्या गटाची 1.6 अँग्स्ट्रॉमची रचना त्या उंबरठ्याच्या अगदी अलीकडे थांबली होती.

लाटांचा हा दोष कोणापासून लपलेला नव्हता. स्फटिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो असतो. पण तो सहसा जड अणूच्या शेजारी खोटा ठिपका म्हणून भेटतो, आणि लोक खोट्या ठिपक्यांबाबत सावध असतात. खोट्या रिकामेपणाबाबत सावध राहायला कोणी शिकवत नाही. नसलेले दिसले तर परीक्षक हटकतो. असलेले दिसले नाही तर कोण हटकणार?

नायट्रोजनचा मोह

हलका अणू आहे हे ठरले, पण कोणता? कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात एकेका इलेक्ट्रॉनाचा फरक, आणि भोवती 26 इलेक्ट्रॉनांचे सहा धातू. 2002 च्या लेखात तिन्ही शक्यता खुल्या ठेवल्या होत्या, मात्र नायट्रोजन सर्वांत जुळतो असे म्हटले होते.

नायट्रोजन सर्वांनाच हवा होता, हे उघड आहे. नायट्रोजन फोडणाऱ्या एन्झाइमच्या पोटात नायट्रोजन सापडणे, म्हणजे यंत्रणेचा धागाच हाती आल्यासारखे. कदाचित हा मागच्या फेरीत उरलेला अणू असेल, पुढच्या फेरीत अमोनिया होऊन बाहेर पडेल आणि नवा आत येईल. पुढच्या काही वर्षांत अनेक सैद्धांतिक गणितांनीही नायट्रोजनच्या बाजूने कौल दिला. त्या गणितांत खोट नव्हती, पण ती गुच्छाच्या विद्युतभाराबद्दलच्या गृहीतकांवर उभी होती आणि ती गृहीतकेच अजून पक्की नव्हती.

विरोधी पुरावा मात्र लगेच आला, आणि तो जवळजवळ बाजूला पडला. 2003 साली ब्रायन हॉफमन आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुनादाच्या (अणूंच्या चुंबकत्वाचे संकेत टिपणाऱ्या) प्रयोगांतून म्हटले, की मधला अणू नायट्रोजन असल्याची खूण मिळत नाही. नायट्रोजनचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू, बदलून पाहिले तर मध्यावरच्या अणूमुळे संकेत बदलायला हवा. तसा तो बदलला नाही. यावर आक्षेप असा, की गुच्छातल्या लोखंडांचे चुंबकत्व मध्यावर एकमेकांना छेद देत असेल आणि संकेत मोजण्याइतका उरतच नसेल. आक्षेप रास्त होता. 2007 मध्ये नायट्रोजन आणि कार्बन दोन्ही तपासले गेले, तरी निर्विवाद उत्तर निघाले नाही.

त्या काळात कार्बनची बाजू घ्यायला फारसे कोणी पुढे आले नाही, याचे मला जरा आश्चर्य वाटते. लोखंडाच्या पिंजऱ्यात बसलेला कार्बन रसायनशास्त्रज्ञांना नवा नव्हता. पाच लोखंडांमध्ये एक कार्बन असलेले कार्बोनिल संयुग 1962 पासून नोंदलेले आहे. पण ते रसायनशास्त्राच्या एका खोलीत होते आणि नायट्रोजिनेज दुसऱ्या खोलीत. शिवाय सजीवात सहा धातूंना एकाच वेळी जोडलेला कार्बन कोणी पाहिलेला नव्हता.

2011: दोन लेख, एक अंक

नोव्हेंबर 2011 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले.

पहिला आइन्सले यांच्याच गटाचा. ते आता जर्मनीत फ्रायबुर्गला होते आणि लेखाचे पहिले लेखक थॉमस श्पात्सल. त्यांनी रिझोल्युशन 1.0 अँग्स्ट्रॉमपर्यंत नेले. तिथे मध्यावरची घनता मोजून कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याशी ताडता आली, आणि ती कार्बनशी जुळली. पण 2002 चा अनुभव ताजा होता, त्यामुळे ते केवळ घनतेवर थांबले नाहीत. जिवाणूंना कार्बन-13 देऊन प्रथिन तयार केले आणि चुंबकीय अनुनादात त्या कार्बनचा संकेत पकडला. आधी जो संकेत हाताला लागत नव्हता तो इथे लागला.

दुसरा लेख काइल लँकेस्टर, सेरेना डेबीर आणि सहकाऱ्यांचा, आणि युक्ती म्हणून मला तो अधिक देखणा वाटतो. त्यांनी स्फटिकाला हातच लावला नाही. लोखंडाच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन क्ष-किरणाने उडवायचा, मग ती रिकामी जागा भरायला वरचा इलेक्ट्रॉन खाली येतो आणि क्ष-किरण बाहेर पडतो. क्वचित हा इलेक्ट्रॉन लोखंडाचा नसून त्याला जोडलेल्या शेजाऱ्याच्या कक्षेतला असतो. शेजारी कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन, यानुसार त्या क्षीण रेषेची ऊर्जा बदलते, आणि हा बदल चांगला ठळक असतो.

अडचण एवढीच, की प्रथिनाच्या प्रत्येक अर्ध्या भागात पंधरा लोखंड आहेत: सात फेमोकोत, आठ पी-गुच्छात. सगळ्यांचा प्रकाश एकत्र येतो. त्यांनी मग निफ-बी जनुक काढून टाकलेल्या वाणातले प्रथिन घेतले. त्यात पी-गुच्छ असतो, फेमोको नसतो. त्याचा वर्णपट पूर्ण प्रथिनाच्या वर्णपटातून वजा केला. जोडीला शाह-ब्रिल यांच्या मार्गाने बाहेर काढलेला मोकळा फेमोकोही तपासला. उरलेली रेषा कार्बनच्या जागी होती.

एका पद्धतीने इलेक्ट्रॉन मोजले, दुसरीने केंद्रकाचे चुंबकत्व पाहिले, तिसरीने कक्षेची ऊर्जा. तिन्हींच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात, म्हणून तिन्हींचे एकमत वजनदार ठरले. 2002 नंतर एकाच पद्धतीचे रिझोल्युशन वाढवत राहिले असते तरी संशयाला जागा राहिलीच असती.

कार्बन आला कुठून

उत्तर पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतून आले. यिलिन हू आणि मार्कस रिब यांच्या गटाने दाखवले, की निफ-बी प्रथिन एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन या नेहमीच्या पेशीरेणूतला मिथाइल गट घेते, त्याचे हायड्रोजन काढून टाकते आणि उघडा कार्बन लोखंडांच्या मध्ये बसवते. किरणोत्सारी कार्बन-14 मिथाइल गटात घातला की तो फेमोकोत पोहोचतो.

म्हणजे 1977 साली शाह आणि ब्रिल यांनी परीक्षेसाठी घेतलेल्या यूडब्ल्यू-45 वाणात जे जनुक बिघडलेले होते, तेच मधला अणू बसवणारे जनुक. तेव्हा ते कोणाला कळणे शक्यच नव्हते.

मग हा कार्बन नायट्रोजनच्या कामात भाग घेतो का? त्याच गटाने 2013 मध्ये खुणेचा कार्बन घातलेले एन्झाइम भरपूर चालवून पाहिले. कार्बन जागचा हलला नाही. तो ना बाहेर पडला, ना उत्पादनात गेला. मागच्या फेरीत उरलेला अणू ही सुंदर कल्पना तिथे संपली. कार्बन पिंजऱ्याला आतून धरून ठेवतो आणि बाहेरचे जोड तुटले तरी गुच्छ ढासळू देत नाही, असे आता बहुतेक जण मानतात. याला आधार 2014 साली मिळाला. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या एन्झाइमची रचना श्पात्सल आणि रीस यांच्या गटाने सोडवली, तेव्हा मधल्या लोखंडांना जोडणाऱ्या पुलांमधला एक गंधक चक्क जागा सोडून गेलेला होता आणि त्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइड बसला होता. तो काढला की गंधक परत येतो. ज्या गुच्छाला लोक पक्का दगड समजत होते, त्याचा एक तुकडा ये-जा करतो, हे कोणाच्या आराखड्यात नव्हते.

त्यानंतरचा वाद

2020 साली अर्व्हाइनच्याच गटाने ‘सायन्स’मध्ये लिहिले, की फेमोकोवर नायट्रोजनचा रेणू बसलेला त्यांना रचनेत दिसतो आहे आणि काही गंधकांची जागा त्याने घेतली आहे. रिझोल्युशन 1.83 अँग्स्ट्रॉम. पुढच्या वर्षी त्याच साप्ताहिकात आक्षेप छापून आला. त्यावर आइन्सले, डेबीर आणि हॉफमन या तिघांच्याही सह्या होत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ही घनता गंधकानेही तितकीच नीट समजावता येते आणि नायट्रोजन धरायला पुरावा अपुरा आहे. मूळ लेखकांनी उत्तर दिले आणि आपला निष्कर्ष कायम ठेवला.

मला आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम वाटते, पण अर्व्हाइनच्या गटाला उडवून लावणेही योग्य नाही. कार्बनचा उगम शोधणारी तीच माणसे आहेत. नायट्रोजनचा रेणू फेमोकोवर नेमका कुठे बसतो, यावर आज एकमत नाही. बरेच जण जाणाऱ्या-येणाऱ्या गंधकाखालच्या दोन लोखंडांकडे बोट दाखवतात, काही थोडे मोलिब्डेनमकडे. खुणेचे समस्थानिक, क्ष-किरण उत्सर्जन आणि गोठवलेले अर्धवट टप्पे, अशा तिन्ही वाटांनी एकाच नमुन्यावर तपासणी करायची खटपट सध्या चालू आहे. अडचण नमुन्याचीच आहे: नायट्रोजन धरलेली अवस्था क्षणभर टिकते, आणि स्फटिकातल्या सगळ्या रेणूंना त्याच क्षणी त्याच अवस्थेत थांबवणे अजून कोणालाही साधलेले नाही.